कपाशी हाक मारते तेव्हा

अलंकार शिकवण्याचा तास म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाचा विश्रांतीचा तास. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही सगळी जुनी ओळखीची मंडळी. त्यांच्यासाठी घरी टिपणे काढून आणावी लागत नाहीत. गेल्या पावसाळ्यात जळगावच्या आमच्या कॉलेजात मी असाच निवांतपणे चेतनगुणोक्ती शिकवीत होतो. जे माणूस नाही त्याला माणसाचे गुण चिकटवले की झाली चेतनगुणोक्ती! "प्रत्येकाने एकेक उदाहरण आपल्या मनाने सांगा," असे मी म्हणालो, नि शेवटच्या बाकावरचा, पारोळ्याकडचा एक मुलगा उठून म्हणाला,

"सर, आमच्या वावरातली कपाशी अळीनं खाल्ली की हाक मारते."

वर्गात हशा पिकला. मी मात्र खूश. पाठ्यपुस्तकाबाहेरचे उदाहरण मिळणे हल्ली किती दुर्मीळ! "शाब्बास," मी म्हणालो, "हाक मारणे हा माणसाचा गुण, तो तू कपाशीला दिलास. अलंकार बरोबर आहे."

"नाही सर," तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "हा अलंकार नाहीये. ती खरंच मारते. माझा भाऊ धुळ्याला शेतकी कॉलेजात आहे, त्यानं सांगितलं."

आता आली का पंचाईत! वीस वर्षे शिकवलेला अलंकार भर वर्गात अलंकार राहीनासा झाला तर मास्तराने काय करायचे? घंटा झाली म्हणून त्या दिवशी माझी सुटका झाली. पण मुलाचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याला गाठले नि विचारले, "काय हो, कपाशी हाक मारते का?"

ते हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "कपाशीकडे नंतर येऊ. आधी चिडापासून सुरुवात करा."

सिमल्याला किंवा नैनितालला जाऊन आलेल्या वाचकांना चीड आठवत असेल. सुयांसारखी पाने नि हवेत भरून राहिलेला तो राळेचा वास! त्या वासातला एक मोठा भाग म्हणजे अल्फा-पायनीन नावाचे द्रव्य. रंगाऱ्याच्या डब्यातल्या टर्पेंटाइनला जो वास येतो तो बराचसा याचाच. कॅनडा नि अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगरांवर चिडाच्या जातीची अफाट जंगले आहेत आणि त्यांच्या सालीखाली घर करणारा, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा आहे. त्याने साल पोखरायला सुरुवात केली की झाड भोकातून राळ बाहेर लोटते, भुंगेऱ्याला त्यात बुडवायला पाहते, आणि झाडाभोवतीच्या हवेत ही वासाची द्रव्ये नेहमीच्या कितीतरी पट सुटू लागतात. ती हवेतल्या ओझोनशी मिसळून त्यांचे बारीक कण बनतात नि जंगलावर धुरकट पडदा धरतात. म्हणजे इवल्याशा किड्याचा उपद्रव आभाळापर्यंत पोचतो! पण खरी मौज पुढेच आहे. भुंगेऱ्याची मादी झाडाचे हेच अल्फा-पायनीन पोटात घेऊन त्याचे थोडे रूप पालटते, आणि तो नवा वास तिच्या जातभाईंना सांगतो, "या, इथे झाड सापडले आहे." झाडाचेच हत्यार घेऊन झाडावर दरोडा! १९९० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात या भुंगेऱ्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली.

"हे झालं परक्यांचं," मी म्हणालो. "आमच्या तापीकाठी चीड कुठला? इथे काळी जमीन नि पांढरा कापूस."

"मग उद्या कपाशीचं एक पान आणा नि उजेडात धरा," ते म्हणाले.

मी खरेच धरले. आपणही धरून पाहा. कपाशीच्या पानात टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथी. त्यांत गॉसिपॉल नावाचे कडू, विषारी द्रव्य असते. सरकीचे तेल शुद्ध केल्यावाचून खात नाहीत ते त्याच्यामुळेच. आणि त्याच ग्रंथींत, कपाशीच्या घरी, चिडाचे ते अल्फा-पायनीनही साठवून ठेवलेले असते! कुठे कॅनडाचे बर्फ नि कुठे आमचे पारोळ्याचे ऊन! पण शिधा एकच.

पुढचे पंधरा दिवस मी मराठी सोडून हेच वाचत होतो. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात, गेन्सव्हिल येथे, तिथल्या शेती खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथे जेम्स टम्लिन्सन नि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात कपाशीच्या रोपांवर जे प्रयोग केले ते सांगण्यासारखे आहेत. रोपाला काचेच्या बंद हंडीत ठेवायचे, एका बाजूने गाळलेली शुद्ध हवा सोडायची, दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी हवा एका गाळणीत अडवायची नि तिच्यात काय काय उतरले ते यंत्रावर तपासायचे. धडधाकट रोपाची हवा जवळजवळ रिकामी. मग पानावर लष्करी अळी सोडायची.

अळीने पहिला चावा घेतला की लगेच जो वास सुटतो तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हिरवळ कापल्यावर, मेथी निवडताना, शेपूची जुडी मोडताना येतो तोच तो हिरवा वास. त्याच्यासोबत ग्रंथी फुटतात नि साठवणीतले पायनीन, कॅरिओफिलीन वगैरे बाहेर पडते. कॅरिओफिलीन हे नाव लवंगेच्या जुन्या शास्त्रीय नावावरून पडले. लवंगेत नि मिरीत ते असते. एवढे होईपर्यंत झाडाने विशेष काही केले असे म्हणता येत नाही. भांडे फुटले नि आतले सांडले, इतकेच.

परंतु अळी खात राहिली तर दुसऱ्या दिवशी हवेत वेगळीच द्रव्ये दिसू लागतात. लिनालूल, म्हणजे धन्यांच्या वासाचा मुख्य भाग. ओसिमीन, ज्याचे नावच तुळस नि सब्जा यांच्या कुळावरून पडले आहे. इंडोल, जे अगदी अल्प प्रमाणात मोगऱ्यात असते. ही कपाशीच्या कोठारात आधी नव्हती. १९९७ साली या मंडळींनी एक युक्ती केली. रोपाला खुणेचा जड कार्बन असलेला वायू श्वासात दिला नि मग कोणत्या वासात ती खूण उतरते ते पाहिले. लिनालूल, ओसिमीन यांच्यात ती भरपूर उतरली. म्हणजे ती ताजी, त्याच दिवशी बनवलेली. कॅरिओफिलीन वगैरेंत जेमतेम. तो जुना साठा.

आमच्या घरी दिवाळीत हेच चालते. पाहुणे अवचित दारात आले की आधी डब्यातला चिवडा नि चकली पुढे येते, आणि ते बसले असे दिसले की मग स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटतो. कपाशी तेच करते. पाहुणा फार दिवसांच्या मुक्कामाने आला आहे अशी खात्री पटली की चूल पेटवते. शिवाय ज्या पानाला अळीने स्पर्शही केलेला नाही अशी त्याच रोपाची इतर पानेही तो नवा वास सोडू लागतात. आणि हे सारे दिवसा. दुपारी वास जोरात, रात्री जवळजवळ बंद. रात्री का बंद? ज्यांना तो ऐकवायचा ती दिवसाच हिंडतात म्हणून, असे मी मनाशी म्हणून टाकले. सहकाऱ्यांनी मला लगेच आवरले. ही चूल उन्हावर चालते, इतके सोपे कारणही असू शकते, असे ते म्हणाले. शास्त्रज्ञ लोक फार चिकट!

ज्यांना ऐकवायचा, ती कोण? गांधीलमाशीच्या कुळातल्या बारीक माश्या. त्यांना आपण परोपजीवी माश्या म्हणू. या अळीच्या अंगात अंडे घालतात. पिल्लू अळीला आतून खाऊन मोठे होते. कपाशीच्या दृष्टीने यापरते पुण्यकर्म नाही. आता एकरभर हिरव्या पानांत एक हिरवी अळी शोधणे माशीलाही सोपे नसते. अळी स्वतः शक्य तितकी बिनवासाची राहते, तिचे सगळे आयुष्य त्यावर अवलंबून असते. पण खाल्लेले झाड गप्प बसत नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला माशी उडत जाते नि नेमकी त्या झाडावर उतरते.

१९९८ साली 'नेचर' या विख्यात पत्रात कन्सुएलो दे मोराएस नि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. अमेरिकेत दोन सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, आपल्याकडच्या हिरव्या बोंडअळीच्या नात्यातल्या. एका जातीची माशी त्यांपैकी फक्त एकीच्याच अंगात अंडी घालते. तंबाखूच्या नि कपाशीच्या झाडांवर या दोघी वेगवेगळ्या सोडल्या, मग अळ्या काढून टाकल्या, खाल्लेली पानेही तोडून टाकली. माश्या आल्या त्या बरोबर आपल्याच अळीने खाल्लेल्या झाडांवर. म्हणजे 'कोणीतरी खाते आहे हो!' एवढेच झाड सांगत नाही. कोण खाते आहे याचाही पत्ता त्या वासात असतो. तो पत्ता झाडाला कळतो कसा? अळीच्या लाळेवरून. लष्करी अळीच्या लाळेतले असे एक द्रव्य १९९७ साली वेगळे काढण्यात आले. ते मक्याच्या रोपाला लावले की रोप अळी खात असल्यासारखाच वास सोडते. कात्रीने पान कापले तर मात्र तो रंग भरत नाही. कात्री नि दात यांतला फरक पानाला समजतो.

या कामासाठी टम्लिन्सन, त्यांचे जॉर्जियातले सहकारी जो लुइस आणि इंग्लंडचे जॉन पिकेट यांना २००८ साली शेतीशास्त्राचे वुल्फ पारितोषिक मिळाले.

पण मी भाषेचा माणूस. मला एकच प्रश्न छळत होता, की याला हाक म्हणायचे की नाही? हाक मारणाऱ्याच्या मनात कोणीतरी यावे अशी इच्छा असते. कपाशीला मन नाही नि इच्छा नाही. लाखो वर्षांत ज्या झाडांचा वास माश्यांना उपयोगी पडला ती झाडे टिकली, इतकेच. म्हणजे माझा अलंकार वाचला! परंतु ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर? लुइस यांनी दाखवले की या माश्या वास शिकतात. एका वासाबरोबर शिकार सापडली की पुढच्या वेळी तोच वास त्या शोधीत जातात. ऐकणारा शिकतो, लक्षात ठेवतो, त्याप्रमाणे वागतो. ज्याला ऐकणारा आहे त्याला हाक म्हणू नये तर काय म्हणावे? हॉलंडमधल्या संशोधकांना तर १९९२ साली असेही दिसले, की कोळीकिडीने त्रासलेल्या कपाशीवरून वाहत आलेली हवा शेजारच्या निरोगी रोपांना लागली, तर ती रोपेही कोळीकिडीपासून अधिक सुरक्षित राहतात. त्या मुलाला मी पुढच्या तासाला सांगितले, "तुझे उदाहरण अर्धे अलंकार आहे नि अर्धे खरे आहे." तो म्हणाला, "सर, परीक्षेत अर्धा मार्क तरी द्याल ना?"

त्या मुलाच्या भावाला मी पुढे धुळ्याला भेटलो. पेपर तपासणीच्या कामाने गेलो होतो. हा विशीतला पोरगा माझ्यासमोर खिशातून दोन बोंडे काढून बसला. नखाने एक बोंड फोडून म्हणाला, "सर, गोष्ट छान आहे. पण ही बया आत बसली की हाक ऐकून कोणी काय करणार?"

सरकीला सरकी चिकटलेली, नि मध्ये ती गुलाबी बोंडअळी.

हे दृश्य मला नवीन नव्हते. २०१७ ची दिवाळी मी पारोळा तालुक्यात मामांकडे काढली होती. मामांचे सात एकर कोरडवाहू. पाच एकर कपाशी. फराळाचे ताट पुढ्यात असताना मामा उठून गेले नि थोड्या वेळाने ओंजळभर बोंडे घेऊन आले. बाहेरून हिरवीगार, गुटगुटीत. फोडली तर आत सडकी कवडी. माझ्याशी मामा प्रयत्नपूर्वक पुस्तकी मराठी बोलतात. संतापले की अहिराणीवर येतात. त्या दिवशी ते अहिराणीत एवढेच म्हणाले, "बोंडमा शे ती." मामींनी ताट झाकून ठेवले. त्या हंगामात महाराष्ट्रभर हेच झाले. फुले न उमलता डोमकळ्या झाल्या, नि वेचणीला कवडी हाती आली.

बीटी बियाणे आपल्याकडे २००२ साली मंजूर झाले, दोन जनुकांचे २००६ साली. बोंडअळीला मारणारे विष झाडाच्या अंगातच असल्याने फवारणी संपली असे सगळ्यांना वाटले, आणि काही वर्षे ते खरेही होते. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक पुडी येई. ती साध्या, बिनबीटी कपाशीची. शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे विष न पचलेल्या अळ्याही जगतील, नि विष पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होऊन नवी पिढी नरम राहील. मामांनी ती पुडी कधी पेरली नाही. शेजाऱ्यांनीही नाही. अळीसाठी म्हणून कोण जागा राखून ठेवील? २०१० साली गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडल्याचे जाहीर झाले. पुढे काही वर्षांत दुसऱ्यालाही ती बधेना. त्यात आपली संकरित वाणे लांब मुदतीची. वेचणी झाल्यावरही पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड ठेवायची रीत. म्हणजे अळीला बाराही महिने अन्नछत्र.

आणि हीच अळी शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा आली ती आमच्या शेजारून. १८४० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कंपनी सरकारने भरुचला अमेरिकन कपाशीची लागवड करून पाहिली. तिथल्या बोंडांत सापडलेले किडे विलायतेला गेले नि सॉन्डर्स नावाच्या कीटकतज्ज्ञाने तिला नाव दिले. पुढे ती इजिप्त, मेक्सिको असे करीत १९१७ साली टेक्सासला पोचली. अमेरिकेने तिच्याशी शंभर वर्षे झुंज दिली नि २०१८ साली आपल्या कपाशीतून ती नाहीशी झाल्याचे जाहीर केले. विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडण्यापर्यंत सगळे उपाय केले. आपल्या पाच एकरवाल्याने विमान कुठून आणावे?

आता त्या हाकेकडे परत वळतो, कारण याच ठिकाणी मला सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती मिळाली. १९९५ साली त्याच गेन्सव्हिलच्या मंडळींनी कपाशीच्या बाजारी वाणांची तुलना रानात आपोआप वाढणाऱ्या एका कपाशीशी केली. दोन्हींवर अळ्या सोडल्या. रानटी कपाशीच्या पानांनी सरासरी जवळजवळ सातपट वास सोडला. निवड करायला दिली तेव्हा अळ्यांनीही बाजारी वाणाची पाने पसंत केली! आपण पिढ्यान् पिढ्या लांब धागा, मोठे बोंड नि जास्त उतारा पाहून बी निवडत आलो. हाक कोणी मोजलीच नाही, तेव्हा ती कमी कमी होत गेली तरी कोणाला कळले नाही. सासरी नांदवायची म्हणून मुलीला गप्प राहायला शिकवावे नि मग ती काही बोलत नाही म्हणून तक्रार करावी, त्यातलाच प्रकार. (हा दृष्टांत माझ्या पत्नीचा. तिच्या परवानगीने छापतो आहे.)

बीटीचीही गंमत पाहा. अळी खातच नाही, म्हणून झाड सावध होत नाही, नि गॉसिपॉलसारखी द्रव्ये वाढवीत नाही. २०१३ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवले की अशा बेसावध झाडावर मावा अधिक चांगला पोसतो. म्हणजे एका चोराला कुलूप लावले नि दुसऱ्याला खिडकी उघडी राहिली. मग माव्यासाठी, तुडतुड्यांसाठी, पांढऱ्या माशीसाठी पुन्हा फवारणी. त्या फवारणीत ज्यांना हाक ऐकायची त्या परोपजीवी माश्याच पहिल्यांदा मरतात. आणि माणसेही. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी नि मजूर दगावले. त्या वर्षी मामांच्या वावरात मी गेलो तेव्हा ना हिरवा वास ना कापसाचा. नुसता औषधाचा उग्र दर्प होता. मामा म्हणाले होते, "भाचेबुवा, पूर्वी वावरात शिरलं की पिकाचा वास सांगायचा काय चाललंय ते. आता सगळ्या वावरांना एकच वास."

त्यांच्या वडिलांच्या वेळी जरीला लावीत, आमच्या खानदेशचे देशी वाण. बोंड लहान, भाव कमी. मामा ते पुन्हा लावतील का? मुळीच नाही, नि मी त्यांना तसे सांगणारही नाही. पगार घेऊन खुर्चीत बसणाऱ्याने सात एकरवाल्याला जुने ते सोने शिकवू नये.

धुळ्याच्या त्या पोराला मात्र मी विचारले, की मग यातून काही वाट आहे की नाही? तो म्हणाला, "अळी बोंडात शिरण्याच्या आधी गाठायची. हाकच मारायची, पण दुसऱ्याची." गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते तो १९७३ साली ओळखून कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला. रबराच्या बुचात तो भरून सापळ्यात टांगतात. त्यांना कामगंध सापळे म्हणतात. नाव कोणी ठेवले ठाऊक नाही, पण मराठीच्या प्राध्यापकाने त्याला पूर्ण गुण द्यावेत. एकरी दोन सापळे लावायचे नि रोज सकाळी आत अडकलेले नर मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर समजायचे की आता उपाय हवा. दुसरे म्हणजे ट्रायकोकार्ड. मिलिमीटरभरही नसलेली ट्रायकोग्रामा नावाची माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. तिची पिल्ले असलेल्या कागदाच्या पट्ट्या पानाखाली टाचायच्या. नि त्या आठवड्यात फवारणीचा पंप खोलीत बंद ठेवायचा. तिसरे, डिसेंबरनंतर पऱ्हाट्या उपटून वावर मोकळे करायचे. फरदड बंद.

हे सगळे मी मामांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी पहिली दोन ऐकून घेतली नि तिसऱ्यावर उसळले. "फरदडीचे दोन-तीन क्विंटल म्हणजे आमचा उन्हाळा. तो कोण भागवणार? तुझं कॉलेज?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शेजारच्या दहा जणांनी फरदड ठेवली तर मामांच्या एकट्याच्या मोकळ्या वावराचा उपयोग किती, हेही त्यांनी विचारले. पतंगाला बांध दिसत नाही.

तरी यंदा जुलैत त्यांनी चार सापळे टांगले. मामींचा त्याला विरोध होता, कारण बांधावरून जाणारे लोक 'हे कसले आकाशकंदील?' म्हणून विचारीत. रोज सकाळी सापळे पाहायचे काम नातवाकडे, नि संध्याकाळी मला फोन करायचे मामांकडे. ऑगस्ट सगळा दोन, तीन, एक, असाच गेला. पुढच्या महिन्यात एके दिवशी म्हणाले, नऊ. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी माझा तास चालू होता तेव्हाच फोन वाजला. नियम मोडून मी वर्गातच उचलला.

"तेरा," मामा म्हणाले. "पंप बाहेर काढला होता. परत ठेवलाय. त्या तुझ्या पोराच्या भावाला विचार, ती कार्डं धुळ्याला मिळतात की जळगावला. आणि लवकर विचार. अंडी थांबत नाहीत."

शेवटच्या बाकावरचा तो मुलगा उठून उभा राहिला होता. त्याने भावाचा नंबर आधीच लावला होता.